आधी काडतूस, मग रिव्हॉल्व्हर : डॅनियल वेसनची गोष्ट

शस्त्रपरवाना बाळगणाऱ्या सर्वसामान्य भारतीयाकडे रिव्हॉल्व्हर असेल, तर ते बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातील ०.३२ बोअरचे असते. त्यात घालावयाचे काडतूस पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होत आले आहे. करंगळीच्या पेराएवढी पितळी पुंगळी आणि तिच्या तोंडाशी जेमतेम साडेसहा ग्रॅम वजनाची गोळी, एवढाच त्याचा पसारा. मात्र या काडतुसाचे पूर्ण नाव घ्यायचे झाले, तर दोन अमेरिकी आडनावे उच्चारावी लागतात. ते नाव आहे ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग. यातील स्मिथ म्हणजे होरेस स्मिथ आणि वेसन म्हणजे डॅनियल बेअर्ड वेसन. स्मिथ यांनी वयाच्या पासष्टीच्या आत व्यवसायातून अंग काढून घेतले. वेसन यांना मात्र काडतुसाचा ध्यास जन्मभर पुरला.

खिशात किंवा कमरेला सहज मावेल असे लहान रिव्हॉल्व्हर हाती घेणाऱ्यापुढे एक प्रश्न दीडशे वर्षांपासून उभा आहे. त्यात घालायचे काय? सौम्य काडतूस घातले तर हाताला त्रास नाही, नेमही चुकत नाही; पण प्रसंगी त्याचा परिणाम होईल की नाही, याची शंका मनात राहते. जबर काडतूस घातले तर परिणामाची खात्री वाटते. पण हलके शस्त्र हातात असे उसळते की दुसरी गोळी कोठे जाईल, याचा भरवसा उरत नाही. वेसन यांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे सारे आयुष्य हेच त्यांचे उत्तर होते आणि ते उत्तर त्यांनी एकदा नव्हे, चार-पाच वेळा बदलले.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करायला हवा. आम्ही बातमीदार मंडळी पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरता दंडगोल, म्हणजे सिलिंडर असतो. त्यातील घरांत काडतुसे बसवलेली असतात आणि चाप ओढला की नवे घर नळीसमोर येते. घरे सहाच असतात हाही एक गैरसमज. लहान रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा पाच असतात आणि वेसन यांच्या पहिल्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ती सात होती.

डॅनियल यांचा जन्म १८ मे १८२५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथे झाला. वडील रूफस हे शेतकरी. लाकडी नांगर बनवणे हा त्यांचा जोडधंदा. घरात लोखंडाशी खरी मैत्री होती ती थोरल्या भावाची. एडविन वेसन हा नेमबाजीच्या रायफली बनवणारा नावाजलेला कारागीर होता. अठराव्या वर्षी डॅनियल त्याच्याकडे उमेदवारी करू लागला. नळीच्या आत आटे कसे पाडावेत, गोळी नळीत किती घट्ट बसावी, दारूचे माप किंचित बदलले तर नेम कोठे सरकतो, हे सारे धडे त्याने भावाच्या कारखान्यातच घेतले. नेमबाजीची रायफल बनवणाऱ्या माणसाला गोळी आणि दारू यांचा वेगळा विचार करून चालत नाही. पुढच्या आयुष्याची दिशा येथेच ठरली असे म्हणावयास हरकत नाही.

१८४७ मध्ये डॅनियलने सिंथिया हॉज हिच्याशी विवाह केला. एका बंदूक कारागिराला मुलगी देणे तिच्या वडिलांना मान्य नव्हते, तेव्हा दोघांनी घरच्यांना न जुमानता लग्न केले. संसार मांडून दोन वर्षेही झाली नव्हती तोच, १८४९ च्या आरंभी एडविनचा अकाली मृत्यू झाला. मागे कर्जाचा डोंगर होता. धनकोंनी कारखाना ताब्यात घेतला. त्या जप्तीत डॅनियलची स्वतःची हत्यारेही गेली. एडविनच्या नावाशी जोडलेले एक रिव्हॉल्व्हर मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनी बनवत होती. सॅम्युअल कोल्ट यांनी या कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला आणि १८५१ मध्ये तो जिंकला. पंचविशी ओलांडलेल्या डॅनियलला तीन-चार वर्षांत दोन गोष्टी कळून चुकल्या. कौशल्य असून भागत नाही, हाताशी भांडवल लागते. आणि कितीही उत्तम शस्त्र बनवले तरी पेटंट दुसऱ्याच्या नावावर असेल तर ते मातीमोल ठरते.

होरेस स्मिथ त्यांच्याहून सतरा वर्षांनी मोठे. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात अनेक वर्षे काम करून आलेले. १८५२ च्या सुमारास दोघांनी भागी केली आणि कनेक्टिकट राज्यातील नॉर्विच येथे खाली-वर करण्याच्या दांडीने काडतूस भरणारे पिस्तूल बनवण्यास घेतले. यंत्ररचना देखणी होती. घात केला तो काडतुसाने. त्यात वेगळी पुंगळीच नव्हती. गोळीच्या बुडाशी पोकळी करून तिच्यातच दारू भरलेली असे. त्या चिमुकल्या पोकळीत मावणार ती दारू किती? गोळी दुबळी निघे, वायू मागून गळे, कधी काडतूस पेटतच नसे. १८५५ मध्ये हा उद्योग नव्या कंपनीच्या स्वाधीन झाला. तिच्या भागधारकांत शर्ट बनवणारे ऑलिव्हर विंचेस्टर नावाचे व्यापारी होते. ‘व्होल्कॅनिक’ या भारदस्त नावाने ते पिस्तूल काही काळ विकले गेले आणि त्याच धाग्यातून पुढे विंचेस्टर रायफल जन्मली. पण ती वेगळी कथा आहे. वेसन काही महिने त्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून राहिले आणि बाहेर पडले. बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात शस्त्र नव्हते, काडतूस होते.

फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने दिवाणखान्यात नेम धरण्याच्या खेळासाठी एक इवलेसे काडतूस बनवले होते. तांब्याच्या टोपीत स्फोटक आणि वर बारीक गोळी, दारू नाहीच. वेसन आणि स्मिथ यांनी ती टोपी लांबवून पुंगळी केली, तिच्या बुडाच्या कडेत स्फोटक पसरवले, आत चार ग्रेन काळी दारू भरली आणि वर एकोणतीस ग्रेनची, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅमची शिशाची गोळी बसवली. एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मापांची कल्पना येईल. हेच ०.२२ शॉर्ट. १८५७ पासून आजतागायत त्याचे उत्पादन चालू आहे. इतकी जुनी धातूची काडतुसे आज फारच थोडी बनवली जातात.

आता या काडतुसाभोवती रिव्हॉल्व्हर उभारायचे होते. आधी काडतूस आणि मग शस्त्र, हा वेसन यांचा क्रम तेथून सुरू झाला. सिलिंडरची घरे आरपार असल्याशिवाय मागून काडतूस घालता येणार नव्हते आणि आरपार घरांचे पेटंट १८५५ पासून रोलिन व्हाइट या गृहस्थांकडे होते. हे व्हाइट पूर्वी कोल्ट यांच्या कारखान्यात काम करत. नोव्हेंबर १८५६ मध्ये करार झाला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट व्हाइट यांना मिळणार. मात्र पेटंटचे रक्षण करण्याचा खर्च त्यांचा त्यांनी सोसायचा. करारातील हे शेवटचे कलम वाचताना १८५१ चा खटला वेसन यांच्या मनात होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. व्हाइट पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, मिळालेल्या पैशाचा मोठा वाटा वकिलांना गेला. पेटंटची मुदत वाढवून देण्याचे विधेयक अमेरिकी काँग्रेसने संमत केले, तेव्हा अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. स्मिथ आणि वेसन तोवर श्रीमंत झाले होते.

स्प्रिंगफील्ड येथे १८५७ मध्ये बाहेर पडलेले हे पहिले रिव्हॉल्व्हर, मॉडेल नंबर एक, तळहातात मावत असे. त्या काळी इतर रिव्हॉल्व्हरमध्ये दारू वेगळी, गोळी वेगळी, टोपी वेगळी भरावी लागे. पावसात दारू भिजण्याची धास्ती असे. येथे सात काडतुसे घालायची आणि विसरून जायचे. अडचण नव्हतीच असे नाही. तांब्याची पुंगळी मऊ. बार झाला की तिचे बूड फुगे आणि सिलिंडर अडकून बसे. आरंभीच्या नमुन्यांत यासाठी सिलिंडरमागे फिरणारी चकती बसवावी लागली. दारू आणखी वाढवली असती तर पुंगळीच फाटली असती. म्हणजे ०.२२ शॉर्ट सौम्य होते ते वेसन यांच्या पसंतीमुळे नव्हे, त्या वेळच्या तांब्याच्या मर्यादेमुळे. १८८२ पर्यंत या मॉडेलची अडीच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे विकली गेली. दोन ग्रॅमची गोळी अंगावर धावून येणाऱ्या माणसाला थांबवील काय, हा प्रश्न विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारला असेल, कोण जाणे. जवळ काहीतरी आहे एवढा दिलासाच बहुतेकांना पुरेसा असावा.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्याच वर्षी ०.३२ बोअरचे मॉडेल नंबर दोन बाजारात आले. सरकारने ते खरेदी केले नाही. पण रणांगणावर निघालेल्या असंख्य सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी ते पदरमोड करून घेतले. कारखान्याला मागणी पुरवता येईना. तरीही ते लहानच काडतूस होते. सैन्यासाठी जबर काडतुसाचे शस्त्र हवे होते, ते १८७० मध्ये मॉडेल नंबर तीनच्या रूपाने आले. त्याची नळी बिजागरीवर खाली झुके आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जात. कानपूरचे रिव्हॉल्व्हर आजही असेच मधून मोडून उघडते.

या मॉडेलमुळे वेसन यांना जे गिऱ्हाईक मिळाले, त्याने त्यांना काडतुसाविषयी सर्वांत मोठा धडा दिला. ते गिऱ्हाईक म्हणजे झारचे रशिया. तोवरच्या काडतुसात गोळीचा बाहेर राहणारा भाग पुंगळीइतकाच जाड असे आणि चरबीचे वंगण त्यावर उघडेच लावलेले असे. खिशात किंवा पट्ट्यात ठेवले की त्या चिकट वंगणाला धूळ, केर, कापडाचे तंतू लागत आणि तो सारा कचरा नळीत जाई. रशियन अधिकाऱ्यांनी आग्रह धरला की गोळी पुंगळीच्या आतल्या मापाची हवी आणि वंगणाच्या खाचा पुंगळीच्या आत झाकल्या जायला हव्यात. त्यातून ०.४४ रशियन हे काडतूस घडले. त्याच्या अचूकतेने नेमबाज थक्क झाले. रशियाने लाखाहून अधिक रिव्हॉल्व्हरे नेली. गिऱ्हाइकाचे ऐकून घेण्यात वेसन यांनी कमीपणा मानला नाही. मात्र तो धडा रशियापुरता ठेवलाही नाही. होरेस स्मिथ १८७३ मध्ये आपला हिस्सा वेसन यांना विकून निवृत्त झाले. नंतरचे प्रत्येक नवे काडतूस वेसन यांनी याच रीतीने बांधले.

१८७६ मध्ये आलेले ०.३८ स्मिथ अँड वेसन हे त्यांतले पहिले आणि माझ्या मते त्यांच्या हातून घडलेले सर्वांत समंजस काडतूस. आखूड पुंगळी, साडेनऊ ग्रॅमच्या आसपास गोळी आणि बेताचा वेग. पाच घरांचे लहान रिव्हॉल्व्हर त्यासाठी बनवले गेले. ज्याने पूर्वी कधी शस्त्र हाती धरले नाही, अशा माणसालाही ते झेपत असे. दोन वर्षांनी त्याचे धाकटे भावंड, ०.३२ स्मिथ अँड वेसन, आले. त्याची गोळी सहा ग्रॅमहूनही कमी. १८८७ मध्ये या मालिकेचा कळस झाला. थोरले चिरंजीव वॉल्टर आणि धाकटे जोसेफ तोवर व्यवसायात आले होते. वेसन आणि जोसेफ यांनी असे रिव्हॉल्व्हर केले की ज्याचा घोडा बाहेर दिसतच नाही. तो आत झाकलेला असल्याने खिशातून काढताना अस्तरात अडकत नाही. मुठीच्या मागे एक दांडी असे. ती तळहाताने दाबल्याखेरीज चाप ओढला तरी बार होत नसे. एका लहान मुलाच्या हातून घरातील रिव्हॉल्व्हरचा घोडा चढला आणि अपघात घडला, ही हकीकत ऐकून वेसन अस्वस्थ झाले व त्यांनी हे शस्त्र घडवले, अशी कथा त्या कुटुंबात सांगितली जाई. कथेत भर किती आणि सत्य किती हे सोडून देऊ. रचना मात्र घरात मुले असणाऱ्या माणसाने विचार करून केलेली दिसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हरमाँटमधील एका भीषण रेल्वे अपघातात वेसन यांचे मधले पुत्र फ्रँक दगावले. वडील पुन्हा कारखान्यात येऊ लागले.

सौम्य काडतूस म्हणजे निरुपद्रवी काडतूस नव्हे, हे अमेरिकेला १९०१ मध्ये फार क्रूरपणे कळले. ६ सप्टेंबर रोजी बफेलो येथील प्रदर्शनात लिऑन चोलगोश या अराजकवाद्याने अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्व्हर दुसऱ्या कंपनीचे होते. काडतूस होते ०.३२ स्मिथ अँड वेसन. पहिली गोळी शरीरात शिरलीच नाही. दुसरी पोटात गेली आणि आठ दिवसांनी, १४ सप्टेंबरला, जखम चिघळून अध्यक्षांचे निधन झाले. स्वसंरक्षणासाठी काडतूस निवडताना नेमका हाच पेच असतो. जीव घेण्याइतकी ताकद जवळजवळ कोणत्याही गोळीत असते. पण हल्ला त्या क्षणी थांबवण्याची ताकद तिच्यात असेलच असे नाही. ज्याला जीव वाचवायचा आहे, त्याला आठ दिवसांनी होणाऱ्या परिणामाचा काहीच उपयोग नाही.

वेसन यांना हा फरक उमगला होता असे त्यांच्या अखेरच्या दहा वर्षांतील कामावरून दिसते. १८९६ मध्ये त्यांनी ०.३२ ची पुंगळी लांब केली, गोळी थोडी जड केली आणि सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती बसवली. खडकीचे काडतूस ते हेच. त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्क पोलिसांचे आयुक्त असताना तेथील पोलिसांनी कोल्ट कंपनीचे का होईना, पण ०.३२ बोअरचेच रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. हिसका कमी असल्याने हवालदार नेम धरून मारू शकेल, हा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात जगभरचे नेमबाज आजही मोठ्या संख्येने ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग वापरतात. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती, हे क्रीडाप्रेमींना आठवत असेल.

तीन वर्षांनी, १८९९ च्या सुमारास, त्याच विचाराची मोठी आवृत्ती आली, ०.३८ स्पेशल. अमेरिकी लष्कराकडे तेव्हा ०.३८ लाँग कोल्ट हे काडतूस होते. वेसन यांनी दारू अठरा ग्रेनवरून एकवीस ग्रेनवर नेली आणि दहा ग्रॅमहून किंचित जड गोळी घेतली. फिलिपिन्समधील मोरो योद्ध्यांपुढे कोल्टचे काडतूस लटके पडले म्हणून ०.३८ स्पेशल जन्मले, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. दिनदर्शिका या समजाला साथ देत नाही. ती लढाई आणि हे काडतूस जवळजवळ एकाच वर्षी सुरू झाले. त्या तक्रारींमुळे लष्कराने १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्यांचे प्रयोग केले आणि ०.४५ पेक्षा लहान बोअर नको असा निष्कर्ष काढला. लष्कर मोठ्या बोअरकडे गेले. अमेरिकी पोलीस मात्र विसाव्या शतकाचा बहुतेक काळ ०.३८ स्पेशललाच चिकटून राहिले, कारण सामान्य माणसाचा हात जेथपर्यंत तक्रार न करता साथ देतो, त्या मर्यादेवर ते काडतूस बेतलेले होते.

याच काळातले १९०२ चे लेडीस्मिथ हे ०.२२ चे खेळण्यासारखे रिव्हॉल्व्हर. वेश्यांमध्ये ते लोकप्रिय झाल्याचे कळताच धर्मभीरू वेसन यांनी त्याचे उत्पादन बंद केले, अशी एक चटकदार गोष्ट प्रचलित आहे. उत्पादन थांबले १९२१ मध्ये. वेसन यांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. खरे कारण कंटाळवाणे आहे. त्या नाजूक सांगाड्यात लोक अधिक जबर काडतुसे घालत आणि ते शस्त्र खिळखिळे होई. लहान रिव्हॉल्व्हरचा इतिहास अशा हावेने मोडलेल्या शस्त्रांनी भरलेला आहे.

वेसन यांनी अमाप पैसा मिळवला. स्प्रिंगफील्डच्या मेपल स्ट्रीटवर त्यांनी महालासारखे घर बांधले. त्यापूर्वीचे राहते घर त्यांनी १९०० मध्ये होमिओपॅथिक रुग्णालयासाठी देऊन टाकले आणि पुढे त्यांच्याच पैशातून शहरात एक सर्वसाधारण रुग्णालय आणि एक प्रसूतिगृह उभे राहिले. १९०६ च्या जुलैमध्ये सिंथिया गेल्या. एकोणसाठ वर्षांचा संसार होता. काही आठवड्यांतच, ४ ऑगस्ट १९०६ रोजी, डॅनियल वेसन यांनी वयाच्या ८१ व्या वर्षी देह ठेवला.

त्यांच्यामागे त्यांचा प्रश्न तसाच राहिला, एवढेच नव्हे तर तो साता समुद्रापार गेला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने आपल्या ०.४५५ च्या दणकट रिव्हॉल्व्हरांचा फेरविचार केला. घाईने भरती केलेल्या सैनिकांना त्यांचा हिसका सोसत नसे. तेव्हा त्यांनी वेसन यांचे १८७६ चे ०.३८ उचलले, त्यात तेरा ग्रॅमची जड गोळी बसवली आणि १९३२ मध्ये त्याभोवती एनफील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले. उघड्या शिशाची गोळी आंतरराष्ट्रीय करारात बसेल काय, या शंकेने नंतर तिच्यावर धातूचे आवरण चढवण्यात आले. त्या काळची ही ०.३८ ची रिव्हॉल्व्हरे आपल्याकडील पोलिसांच्या कमरेलाही पुढे बरीच वर्षे होती. कानपूरच्या ०.३२ ची ठेवण याच ब्रिटिश घराण्यातली आहे.

अमेरिकेत उलटे घडले. वेसन यांचे नातू डग्लस यांच्या कारकिर्दीत, १९३५ मध्ये, कंपनीने ०.३८ स्पेशलची पुंगळी इंचाच्या अष्टमांशाने लांबवून ०.३५७ मॅग्नम काढले. लांबी वाढवली ती हे तेज काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकूनही बसू नये म्हणून. आजोबांनी आखलेली मर्यादा नातवाने ओलांडली. मात्र शस्त्र सव्वा किलोच्या घरातले होते, त्यामुळे हाताने कुरकुर केली नाही. १९५० मध्ये ०.३८ स्पेशलसाठी पाच घरांचे चिमुकले चीफ्स स्पेशल आले, पुढे त्याच्या ॲल्युमिनियमच्या हलक्या आवृत्त्या आल्या आणि २००१ मध्ये स्कँडियमच्या मिश्रधातूचे सुमारे ३४० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आले, ज्यात चक्क ०.३५७ मॅग्नम घालता येत होते.

येथे पदार्थविज्ञानाने हिशेब चुकता केला. गोळी जितक्या जोमाने पुढे जाते, तितक्याच जोमाने शस्त्र मागे येते. शस्त्राचे वजन निम्मे केले की त्याच काडतुसाला ते दुप्पट वेगाने तळहातावर आदळते. अनेकांनी पहिल्याच पाच बारांनंतर ते रिव्हॉल्व्हर खाली ठेवले. आणखी एक संकट अनपेक्षित होते. झटका इतका तीव्र की सिलिंडरमधील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकत आणि सिलिंडर फिरेनासा होई. म्हणजे सर्वांत जबर काडतुसाने ऐन वेळी शस्त्रच बंद पडण्याचा धोका.

आखूड नळीची दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. टोकाला पोकळी असलेली गोळी शरीरात फुलावी अशी रचना असते. पण फुलण्यासाठी वेग लागतो आणि दोन इंची नळीत दारूला तो देण्याइतकी जागाच मिळत नाही. १९८६ मध्ये मायामी येथे झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी बारा ते अठरा इंच शिरली पाहिजे, असा निकष घातला. आखूड नळीतून झाडलेली बरीच फुलणारी काडतुसे यापैकी एका तरी कसोटीला उतरत नाहीत. म्हणून अमेरिकेतील कित्येक जाणकार लहान ०.३८ साठी नेमबाजीचे वॉडकटर सुचवतात. सपाट तोंडाची, साडेनऊ ग्रॅमची, शिशाची ही गोळी कागदावर स्वच्छ भोक पाडण्यासाठी काढलेली. ती फुलण्याच्या भानगडीत पडत नाही, पुरेशी खोल जाते आणि हाताला फारसे कळतही नाही. दोष एकच. सपाट तोंडामुळे घाईत ती सिलिंडरच्या घरात पटकन बसत नाही. त्यामुळे काही जण पहिली पाच वॉडकटर ठेवतात आणि दुसरा भरणा गोल तोंडाच्या गोळ्यांचा. वजन आणि वेग पाहिले तर हे वॉडकटर वेसन यांच्या १८७६ च्या काडतुसाचे सख्खे शेजारी निघते.

आपल्याकडे निवडीला एवढा वाव नाही. लष्कर आणि पोलिसांची बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत आणि वर्षाला किती काडतुसे घ्यावीत यावरही परवान्यात मर्यादा असते. त्यातून सरावाला फारशी उरत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर सुमारे सव्वा लाख रुपयांना बाजारात आणले. किमतीवर पुष्कळ टीका झाली, काडतुसावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. ते जुनेच होते, ०.३२ लाँग. वजन उतरवूनही शस्त्र हातात राहावे, एवढा सौम्यपणा त्या काडतुसात १८९६ पासून आहे. परिणामाच्या बाजूने मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. त्या बाजूची भरपाई नेमाने करावी लागते आणि नेमाला सराव लागतो.

मेपल स्ट्रीटवरील वेसन यांचा महाल १९६६ मध्ये आगीत जळाला. त्यांची रुग्णालये स्प्रिंगफील्डच्या मोठ्या वैद्यकीय केंद्रात विलीन झाली. कंपनीने २०२३ मध्ये आपले मुख्यालय टेनेसी राज्यात हलवले. रिव्हॉल्व्हरचे काम मात्र स्प्रिंगफील्डमध्येच ठेवले. आणि खडकीचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या नव्या सरकारी कंपनीत गेला आहे.